वणव्याच्या बातमीतली ‘जीवितहानी नाही’

मार्च महिन्यातली संध्याकाळ होती. चाळिशीच्या एका हंगामी वनमजुराला त्याचे दोन सोबती कॅज्युअल्टीत घेऊन आले. दुपारभर तो डोंगरउतारावर वणवा विझवत होता. अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती. डोके ठणकत होते, मळमळत होते आणि बोलताना शब्द अडखळत होते. निवासी डॉक्टरने बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावला. आकडा आला ९८. ‘सॅच्युरेशन चांगले आहे, उन्हाचा त्रास दिसतो,’ असे म्हणून सलाइन लावायची तयारी सुरू झाली.

चूक त्या तरुण डॉक्टरची कमी आणि यंत्राच्या मर्यादेची जास्त होती. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. साध्या ऑक्सिमीटरला हा फरक कळत नाही. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिनही तो ऑक्सिजन वाहणारेच समजतो आणि आकडा छान दाखवतो. रुग्ण धुरातून आला आहे एवढी एक गोष्ट विचारली असती, तर त्या आकड्यावर कोणी विसंबले नसते. त्याला मास्कने भरपूर ऑक्सिजन दिला. दोन-अडीच तासांनी तो नीट बोलू लागला. त्याचा पहिला प्रश्न होता, “साहेब, आजची हजेरी लागंल ना?”

दुसऱ्या दिवशी वणव्याची चार ओळींची बातमी आली. इतके हेक्टर गवत जळाले, आग आटोक्यात, जीवितहानी नाही. बातमी खोटी नव्हती, पण अपुरी होती. वणवा आपण हेक्टरमध्ये मोजतो, फार तर रुपयांत. त्याने माणसाच्या शरीराचे काय केले, हे मोजायची पद्धत आपल्याकडे नाही. जे मोजले जात नाही, त्यासाठी तयारीही होत नाही. म्हणून दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसापर्यंत चालणारा हा हंगाम केवळ वनखात्याचा विषय राहतो. खरे तर तो तितकाच सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे.

आपला वणवा ‘छोटा’ नसतो

कॅलिफोर्निया किंवा ऑस्ट्रेलियातल्या आगीची दृश्ये पाहिली की वाटते, आपल्याकडे असे काही होत नाही. यात थोडे तथ्य आहे. आपल्या पानगळीच्या जंगलातले बहुतेक वणवे जमिनीलगतचे असतात. वाळलेले गवत, पालापाचोळा आणि झुडपे जळतात. उंच झाडांच्या शेंड्यांवरून धावणारी आग इथे क्वचित दिसते. म्हणूनच हिरव्या डहाळ्या घेऊन झोडपून काढू, असा आत्मविश्वास तयार होतो. धोका नेमका इथे आहे.

८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना तीन वनमजूर होरपळून मरण पावले. आग बरीचशी आटोक्यात आल्यावर वाऱ्याने ती पुन्हा भडकली होती. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतल्या थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या गवताळ डोंगरउतारावर पदभ्रमणाला गेलेली तरुण मंडळी वणव्यात सापडली आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. १३ जून २०२४ रोजी उत्तराखंडमधल्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार वनकर्मचारी जागीच गेले. यातली एकही आग जगाच्या बातम्यांत झळकावी इतकी मोठी नव्हती. माणूस मरायला आग प्रचंड असावी लागत नाही, ती त्याच्यापेक्षा वेगवान असली की पुरते.

हा वेग तीन गोष्टींवर ठरतो. पहिली, जळण. वाळके गवत पेटायला सर्वात सोपे, म्हणून उघड्या माळावरची आग दाट जंगलातल्या आगीपेक्षा पुष्कळदा जास्त वेगाने पळते. दुसरी, वारा. वाऱ्याची दिशा बदलली की जी आगीची लांबट शांत बाजू होती, तीच क्षणात तिचे तोंड बनते. तिसरी, चढ. ज्वाला वरच्या बाजूच्या गवताला आधीच तापवून वाळवतात, त्यामुळे आग उतारावरून वर धावते. उतार दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ठोकताळा ऑस्ट्रेलियात शिकवला जातो. म्हणजे वीस अंशांच्या चढावर चौपट आणि तीस अंशांच्या चढावर आठपट. सह्याद्रीत असे उतार जागोजागी आहेत. चढावर धापा टाकत जाणारा माणूस तासाला दोन-तीन किलोमीटर चालतो. म्हणून आग खालून येत असेल तर वर पळणे ही सर्वात महागात पडणारी चूक ठरते. बाजूला सरकावे, आणि शक्य असेल तर जळून थंड झालेल्या जमिनीवर जावे. जे एकदा जळून गेले, ते पुन्हा जळत नाही.

विझवणाऱ्याचा जीव

वणवा विझवण्याचे तंत्र मुळात साधे आहे. आगीला जळण, हवा आणि उष्णता लागते. यातले एक काढून घ्यायचे. पाण्याने उष्णता जाते, झोडपल्याने किंवा माती टाकल्याने हवा तुटते, आणि जाळरेषेने जळण संपते. डोंगरात पाणी मिळत नाही, म्हणून भरवसा जाळरेषेवर. हिवाळा सरता सरता ठरावीक पट्ट्यांतले गवत कापून, जाळून मोकळे केले की पुढे आलेली आग तिथे अडते. अलीकडे पाठीवरचे ब्लोअरही वापरतात. ते पाचोळा उडवून झटपट पट्टा साफ करतात. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्याच्या परिसरात आगी लागल्या, तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर पाणी टाकत होती. दुर्गम कड्यांवर त्यांचा उपयोग होतोच. पण वरून टाकलेले पाणी आगीचा जोर कमी करते. धुमसणारे ओंडके उलटून, माती टाकून आग खरोखर विझवायला शेवटी पायी गेलेला माणूसच लागतो.

या माणसासाठी जगभर मान्य झालेला एक नियम आहे. अमेरिकेतल्या पॉल ग्लीसन या अनुभवी अग्निशामकाने १९९१ मध्ये तो चार शब्दांत मांडला : पहारा, संपर्क, सुटकेची वाट आणि सुरक्षित जागा. एक जण आग न विझवता उंचावरून फक्त आग आणि वारा पाहील. त्याचा आवाज किंवा वॉकीटॉकी प्रत्येकापर्यंत पोहोचेल. कामाला हात लावण्याआधी पळायची वाट ठरलेली असेल, शक्यतो दोन वाटा. आणि ती वाट जिथे संपते ती जागा खरोखर न जळणारी असेल. यातले एक जरी नसेल तर काम सुरू करायचे नाही. या चार गोष्टींसाठी निविदा काढावी लागत नाही. शिस्त लागते, आणि ‘आत्ता नको’ म्हणणाऱ्या मजुराला कोणी भित्रा म्हणणार नाही, असे वातावरण लागते.

आणखी एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. ज्वाला साधारण चार फुटांपेक्षा उंच असतील तर हातातल्या साधनांनी समोरून भिडू नये. तेवढ्या ज्वालांची धग जवळ उभेच राहू देत नाही. अशा वेळी मागे हटून रस्ता, नाला किंवा जाळरेषा गाठायची आणि तिथे आगीची वाट पाहायची. आगीच्या तोंडासमोर उभे न राहता, मागच्या जळालेल्या भागातून कडेकडेने पुढे जाणे सुरक्षित.

डॉक्टर म्हणून मला या कामाचे दुसरे रूप दिसते. बाहेर चाळीस अंश तापमान, समोर आगीची धग, अंगात सतत चालणारे कष्ट आणि पाणी कमी. शरीराचे तापमान वाढते, घामाने क्षार जातात, रक्त घट्ट होते, हृदयावर ताण येतो. परदेशात वणवा विझवताना होणाऱ्या मृत्यूंमध्ये हृदयविकाराचा झटका हे एक महत्त्वाचे कारण आहे. दर तासाला सावलीत आणि धुराबाहेर विश्रांती, वेळोवेळी पाणी व जलसंजीवनी, पायात जाड बूट, अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, एवढ्याने बरेच टळेल. नायलॉन-पॉलिस्टरचा शर्ट धगीने वितळून कातडीला चिकटतो आणि जखम खोल करतो. स्वस्त मिळतो म्हणून तोच घालून माणसे आगीवर जातात. ज्याला छातीत दुखते, ज्याचा दमा आटोक्यात नाही, त्याला त्या दिवशी आगीवर पाठवू नये. आणि न पाठवल्याबद्दल त्याची मजुरी कापू नये. नाहीतर तो दुखणे लपवेल.

गावाने आधी काय ठरवावे

विझवणे हा एक भाग. दुसरा भाग गाव वाचवण्याचा. वेगाने येणाऱ्या आगीपुढे सर्वात आधी संपते ती वेळ.

८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज या गावाजवळ वीजवाहिनीतल्या बिघाडातून पहाटे साडेसहाच्या सुमारास आग लागली. जोरदार कोरडा वारा होता. दीड-दोन तासांत निखारे गावात पडू लागले. पंचवीस हजारांहून अधिक वस्तीच्या या गावाने याची कल्पनाच केली नव्हती असे नाही. गावाचे विभाग पाडलेले होते, कोणी कधी निघायचे याचा आराखडा होता. पण सगळे एकदम निघाले आणि मोजकेच रस्ते तुंबले. फोनवरून दिलेले इशारे पुष्कळांपर्यंत पोहोचलेच नाहीत. ८५ माणसे गेली. त्यांतली बहुसंख्य पासष्ट वर्षांपुढची होती. वेगवान आगीत आधी कोण मरते याचे उत्तर असे आहे : ज्याला ऐकू येत नाही, ज्याला चालता येत नाही, ज्याच्याकडे वाहन नाही आणि ज्याची चौकशी करायला शेजारी नाही.

उशिरा निघणे हे अनेकदा न निघण्याइतकेच घातक ठरते. जून २०१७ मध्ये पोर्तुगालमधल्या पेद्रोगाव ग्रांदेच्या आगीत ६६ जण मरण पावले. त्यांतले निम्म्याहून अधिक रस्त्यावर, पळून जाताना सापडले. त्यानंतर त्या देशाने ‘सुरक्षित गाव, सुरक्षित माणसे’ हा कार्यक्रम हाती घेतला. त्यात मोठी यंत्रसामग्री नाही. प्रत्येक गावात एक स्थानिक जबाबदार व्यक्ती, जमण्याची ठरलेली जागा, बाहेर पडण्याच्या खुणा केलेल्या वाटा आणि वेळोवेळी सराव, एवढेच. हे आपल्याला सहज जमण्यासारखे आहे. मेळघाट, गडचिरोली, नंदुरबारचे पाडे असोत, कोकणातल्या वाड्या असोत की पुण्याभोवतीच्या डोंगरांना टेकलेल्या नव्या सोसायट्या असोत. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत गोरेगावच्या आरे परिसरातला डोंगर पेटला होता. तेव्हा वणवा म्हणजे दूरच्या रानातली गोष्ट, असे शहरवासीयांनीही समजू नये.

जंगलालगतच्या प्रत्येक वस्तीने फेब्रुवारीआधी पाच गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात.

पहिली, यादी. कोणाला उचलून न्यावे लागेल? अंथरुणाला खिळलेले, गरोदर, बाळंतीण, अंध, दमेकरी, एकटे राहणारे वृद्ध. ही यादी आशा सेविकेच्या डोक्यात असतेच. प्रत्येक नावापुढे त्याला बाहेर काढणाऱ्या दोन माणसांची नावे हवीत. एकाच माणसाचे नाव असेल तर तो नेमका त्या दिवशी बाजाराला गेलेला असतो.

दुसरी, जागा. नांगरलेले शेत, मोठे मोकळे मैदान, नदीचे कोरडे पात्र, तळ्याचा काठ. तिथे गवत वाढू द्यायचे नाही. तिथे जाण्याच्या दोन वाटा हव्यात.

तिसरी, इशारा. मोबाइल असतोच, पण रेंज असतेच असे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाई बेटांवरच्या लाहाइना गावात आगीच्या वेळी भोंगे असूनही वाजवले गेले नाहीत. आपल्याकडे देवळाची घंटा, मशिदीचा किंवा ग्रामपंचायतीचा भोंगा, शाळेची घंटा, यांतले एक ठरवावे आणि त्याचा वणव्याचा ठोका वेगळा असावा.

चौथी, निर्णय कोणाचा. ‘आता निघायचे’ हे कोण सांगणार, आणि तो नसेल तर कोण? आग अमक्या ओढ्यापर्यंत किंवा तमक्या खिंडीपर्यंत आली की म्हातारे, मुले आणि आजारी निघतील, अशी खूण आधीच ठरवावी. घाबरलेल्या वेळी चर्चा करत बसायला सवड नसते.

पाचवी, घराभोवतीची दहा मीटर जागा. वैरणीच्या गंजी, सरपण, पाचोळा, कुंपणाचे काटे घराला खेटून नकोत. बहुतेक घरे ज्वालांच्या भिंतीने पेटत नाहीत. वाऱ्याबरोबर आलेला निखारा गवती छपरावर किंवा गंजीवर पडतो आणि तिथून घर पेटते. गुरांचे दावे लवकर सोडावे. दावणीची जनावरे सोडवायला परत गेलेला माणूस पुष्कळदा परतत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात फार वर्षे ‘तयारी असेल तर थांबून घर वाचवा, नाहीतर लवकर निघा’ असे सांगितले जाई. ७ फेब्रुवारी २००९ च्या आगींत १७३ माणसे गेली. त्यानंतर तिथला सूर बदलला. अत्यंत धोक्याच्या दिवशी लवकर निघून जाणे हाच सर्वात सुरक्षित मार्ग, असे आता स्पष्ट सांगितले जाते. घर पुन्हा बांधता येते.

तरीही कोणी अडकलेच तर? वाहनात असाल तर गवत नसलेल्या जागी थांबा, काचा आणि हवेच्या झडपा बंद करा, दिवे चालू ठेवा, खिडकीच्या पातळीखाली वाकून सुती किंवा लोकरी पांघरूण घ्या. पक्क्या घरात असाल तर दारे-खिडक्या लावून आगीपासून दूरच्या बाजूला, पण बाहेर पडता येईल अशा खोलीत थांबा. आगीचे तोंड पुढे गेल्यावरच बाहेर या. उघड्यावर असाल तर उघडी माती, खडक किंवा जळून गेलेला भाग गाठा, पालथे झोपा आणि तोंड जमिनीजवळ ठेवा. हे शेवटचे उपाय आहेत. पहिला उपाय वेळेत निघणे, हाच.

धूर : न दिसणारा बळी

ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या उन्हाळ्यातल्या आगींत ३३ माणसे थेट मरण पावली. त्याच हंगामात धुरामुळे झालेल्या जादा मृत्यूंचा संशोधकांनी काढलेला अंदाज होता ४१७. म्हणजे ज्वालांपेक्षा धुराने बारा पटींहून अधिक माणसे नेली, आणि तीही आगीपासून दूर, आपापल्या घरांत आणि रुग्णालयांत. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘वणवा’ हा शब्द नसतो. हृदयविकार, पक्षाघात, दमा, न्यूमोनिया असे लिहिलेले असते.

धुरातले सर्वात घातक कण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसांच्या टोकापर्यंत जातात, तिथे सूज आणतात. त्या सुजेचे परिणाम रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतात. दमेकऱ्याला अटॅक येतो हे सर्वांना माहीत असते. पण मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाच्या छातीत धुराच्या दिवशी दुखू लागले, तर त्याला ॲसिडिटी समजून घरी बसू नये. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांनाही धुराचा जास्त त्रास होतो. मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेते. आपल्या खेड्यांत ज्या बाईच्या फुप्फुसांनी वीस वर्षे चुलीचा धूर सोसला आहे, तिच्यासाठी वणव्याचा आठवडा म्हणजे भरल्या घड्यावर आणखी पाणी.

धुराच्या दिवसांत काय करावे? घरातली एक खोली निवडून तिच्या फटी ओल्या कापडाने बंद कराव्यात, आजारी माणसाला तिथे ठेवावे. त्या काळात चूल, उदबत्ती, विडी घरात नको. उकाडा असह्य झाला तर मात्र खोली बंद ठेवण्याचा हट्ट करू नये, उष्माघातही मारतो. अशा वेळी रुग्णाला धूर नसलेल्या ठिकाणच्या नातेवाइकांकडे हलवणे उत्तम. दम्याचा पंप आधीच भरलेला हवा. बाहेर जावेच लागले तर नीट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. ओला रुमाल किंवा गमछा राख अडवतो, बारीक कण अडवत नाही. आणि एन-९५ सुद्धा कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू अडवत नाही. म्हणून मजुराला मास्क दिला की जबाबदारी संपली, असे नाही. मास्क लावून, उन्हात, कष्टाचे काम फार वेळ होत नाही. पाळ्या लावून प्रत्येकाचे धुरातले तास कमी करणे, हाच खरा उपाय. उघड्या माळावर वायू पांगतो, पण घळीत आणि नाल्यात धूर साचतो, आणि धुमसणारे ओंडके ज्वालांपेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडतात. आग ‘विझत आली’ असे वाटते, तेव्हाच हा वायू जास्त भेटतो.

आगीशी झुंजण्याचा व्यवसाय कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये जाहीर केले. आपल्या हंगामी मजुरांच्या छातीची तपासणी हंगामाआधी आणि हंगामानंतर व्हावी, ही मागणी त्यामुळे अवाजवी म्हणता येणार नाही.

रुग्णालयात पोहोचण्याआधी

भाजलेल्या जागेवर साधे, वाहते, गार पाणी वीस मिनिटे सोडा. बर्फ नको, टूथपेस्ट, हळद, शाई, शेण काहीही नको. भाग मोठा असेल किंवा लहान मूल असेल, तर अंग फार गार पडू देऊ नका. अंगठ्या, बांगड्या, कडे, कमरेचा करदोटा सूज येण्याआधी काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका, भोवतीचा कापा. स्वच्छ कोरड्या कापडाने झाका आणि १०८ वर फोन करा. फोड फोडू नका.

काही खुणा दिसल्या तर एक मिनिटही दवडू नका : नाकातले केस जळालेले, थुंकीत काजळी, घोगरा झालेला आवाज, चेहरा किंवा मान भाजलेली. अशा रुग्णाची श्वासनलिका सुजून काही तासांत बंद होऊ शकते. आता तो बोलतो आहे म्हणून रात्रभर वाट पाहणे जिवावर बेतते. धुरातून आलेला माणूस गोंधळलेला, डोके दुखणारा किंवा मळमळणारा असेल, तर ऑक्सिमीटरवर ९८ असो की १००, त्याला ऑक्सिजन लावूनच पुढे पाठवावे. साध्या हवेत कार्बन मोनॉक्साइडचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. एवढी एक ओळ जंगलालगतच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लिहिलेली असावी.

काडी कोण टाकतो, आणि का

आपले बहुतेक वणवे माणूसच लावतो, कधी हेतूने, कधी निष्काळजीपणे. मोहफुले वेचायला झाडाखालची जागा साफ हवी म्हणून पाचोळा पेटवतात. तेंदूला नवी पाने चांगली फुटतील, पुढच्या वर्षी गवत जोमाने येईल, अशा समजुती आहेत. कोकणात राब भाजताना ठिणगी उडते आणि शेजारची आंब्या-काजूची बाग जाते. सहलीला आलेला शहरी माणूस विडी-सिगारेटचे थोटूक टाकतो किंवा शेकोटी अर्धवट सोडतो. राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि तो असावाच. पण ज्याचे दोन महिन्यांचे पोट मोहफुलांवर आहे, त्याला नुसता कायदा दाखवून भागत नाही. झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरल्या तर फुले स्वच्छ मिळतात आणि पेटवायची गरज उरत नाही. जाळ्या वेळेत आणि पुरेशा द्याव्यात. राब भाजायचाच असेल तर भोवती पट्टा साफ करून, वारा पडलेल्या सकाळी, शेजाऱ्याला सांगून आणि पाण्याची घागर हाताशी ठेवून भाजावा.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगींचे इशारे मोबाइलवर पाठवते आणि कोणीही नागरिक त्यासाठी नाव नोंदवू शकतो. वणवा दिसला तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. पण उपग्रह आपल्या फेरीच्या वेळीच पाहतो. त्याच्या दोन फेऱ्यांमध्ये लागलेली गवतातली आग केव्हाच गावाच्या वेशीवर आलेली असू शकते. तेव्हा धूर आधी पाहणारा गुराखीच खरा पहारेकरी, आणि त्याचा फोन उचलला जाणे हीच खरी यंत्रणा.

तीन मागण्या करून थांबतो. वणव्याच्या प्रत्येक अहवालात जळालेल्या हेक्टरांच्या शेजारी एक रकाना माणसांचा असावा : किती जण आगीवर होते, किती भाजले, किती धुराने आजारी पडले, किती दिवस कामावर येऊ शकले नाहीत. दुसरी, वनविभाग आणि आरोग्य विभाग यांनी हंगामाआधी एकत्र बसून प्रत्येक परिक्षेत्रासाठी जवळचे ऑक्सिजन असलेले केंद्र आणि जळीत रुग्णांवर उपचार होणारे रुग्णालय ठरवावे. नावे आणि फोन क्रमांक वनरक्षकाच्या खिशात असावेत. तिसरी, आगीवर गेलेल्या हंगामी मजुराला विमा, बूट, मास्क आणि उपचाराच्या दिवसांची मजुरी मिळावी.

त्या संध्याकाळी हजेरीचा प्रश्न विचारणाऱ्या मजुराला माझ्याकडे उत्तर नव्हते. ते डॉक्टरच्या हातात नसते. पण ज्यांच्या हातात आहे, त्यांनी पुढचा वणवा लागण्याआधी ते द्यावे. एवढे झाले, तर ‘जीवितहानी नाही’ ही ओळ वाचताना तिच्यावर विश्वास ठेवता येईल.